कागदी प्रतिकृतींमधले अतिसूक्ष्म भाग कसे करावेत

विमानाचे पंख, जहाजाचा सांगाडा किंवा इमारतीच्या भिंती थोडा धीर धरला की नवशिक्यालाही जमतात. काम अडते ते पुढे, जेव्हा तक्त्याच्या कोपऱ्यात छापलेला दोन मिलिमीटरचा दांडा, चाक किंवा बिजागरी कापायची वेळ येते. हे भाग किती लहान असतात, याचा अंदाज आधीच घेतलेला बरा. १:२०० या प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस पावणेनऊ मिलिमीटरचा होतो, जहाजाच्या काठावरचा एक मीटर उंचीचा कठडा ५ मिलिमीटरचा होतो आणि त्या कठड्याचा अडीच सेंटिमीटर जाडीचा गज ०.१२५ मिलिमीटरवर येतो, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीपेक्षा तो जेमतेम थोडा जाड असतो. असा भाग हातात धरून घडवता येत नाही. त्यामुळे या लेखातील बहुतेक सगळ्या कृती एकाच नियमाभोवती फिरतात: लहान भाग शक्य तितका वेळ मोठ्या कागदाला जोडलेलाच ठेवावा आणि त्याच्यावरची सगळी कामे उरकल्यानंतर शेवटच्या छेदाने तो सुटा करावा.

कागदाची निवड

प्रतिकृतींचे तक्ते साधारणपणे १६० ते २०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागदावर छापलेले असतात. मोठ्या पृष्ठभागांना हा कागद योग्य असतो, पण तीन मिलिमीटर रुंदीची पेटी त्याच कागदाची केली, तर घडीच्या ठिकाणी जाडी गोळा होते, कोपरे गोलसर पडतात आणि आत दुमडायच्या जोडपट्ट्यांना जागाच उरत नाही. लहान भागांसाठी ८० ते १०० जीएसएमचा कागद घ्यावा. त्याची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमकी जाडी हवी असेल, तर त्याच कागदाचे दहा तुकडे एकावर एक दाबून मोजावेत आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे. पुढे सुरळीचा हिशेब करताना हा आकडा लागतो.

तक्ता जाड कागदावरच मिळाला असेल आणि त्याची पातळ प्रत काढणे शक्य नसेल, तर कागद सोलता येतो. भागाभोवती भरपूर मोकळी जागा ठेवून तुकडा कापावा, एका कोपऱ्याच्या जाडीत पात्याचे टोक हलकेच घालून दोन थर वेगळे करावेत आणि मागचा थर पेन्सिलीवर गुंडाळत सावकाश ओढावा. वाकायला हवा तो टाकून द्यायचा थर. छापील थर टेबलावर सपाट दाबलेलाच राहिला पाहिजे, नाहीतर त्याच्यावर सुरकुत्या पडतात आणि त्या नंतर जात नाहीत.

कागदाच्या तंतूंची दिशा मोठ्या भागांत दुर्लक्षित राहिली तरी फारसे बिघडत नाही, पण लहान भागांत तिच्यावरच सगळे अवलंबून असते. कागद तंतूंना समांतर सहज वळतो आणि आडवा वळवला की मोडतो. दिशा ओळखण्यासाठी त्याच कागदाचा एक चौकोनी तुकडा एका बाजूने किंचित ओला करावा. तो आपोआप वळू लागतो आणि त्या वळणाचा अक्ष तंतूंना समांतर असतो. नळीची लांबी नेहमी याच दिशेत ठेवावी.

हत्यारे

फार काही लागत नाही. टोकदार पात्याचा बारीक कटर, कटिंग मॅट, पोलादी पट्टी, बारीक टोकांचा चिमटा, दोन-तीन जाडीच्या सुया, वेगवेगळ्या जाडीच्या तारा किंवा ड्रिलची पाती, बारीक ब्रश आणि बारीक पॉलिश पेपर एवढे पुरे आहे. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, असेल तर उत्तम. पैसे वाचवायचेच असतील, तर ते पात्यांवर वाचवू नयेत. टोक झिजलेले पाते कागद कापत नाही, तंतू ओढते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भागावर तो ओढलेला तंतू झाडाच्या फांदीसारखा दिसतो. छेदाची कड केसाळ दिसू लागली की पाते बदलावे.

कापण्याचा क्रम

नवशिक्याचा हात पहिल्यांदा भागाच्या बाहेरच्या रेषेकडे जातो. माझाही जात असे. एका जहाजाच्या बारा झडपांची चाके मी आधी बाहेरून कापून घेतली आणि मग आतल्या खिडक्या कोरायला बसलो. त्यातली तीन चाके चिमट्यातून उडाली आणि उरलेल्यांच्या कडा पात्याच्या दाबाने फाटल्या. तेव्हापासून मी पुढील क्रम मोडलेला नाही.

भाग ज्या जागी छापलेला आहे, तेथून निदान तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा सुटा करावा, म्हणजे बोटांनी धरायला मूठ मिळते. पहिले काम घड्यांचे. घडीच्या रेषेवरून शाई संपलेल्या बॉलपेनचे टोक किंवा बोथट केलेली सुई पट्टीच्या आधाराने फिरवावी. कागद कापला जाऊ नये, फक्त दाबला जावा. पातळ कागदावर कटरने अर्धा छेद देण्याचा मोह टाळावा, कारण ०.१ मिलिमीटरमध्ये अर्धा छेद आणि पूर्ण छेद यांत हाताला फरक कळत नाही.

त्यानंतर आतली भोके आणि खिडक्या कापाव्यात. येथे पाते ओढून कापू नये, टोक सरळ खाली दाबून कापावे. ओढण्याने कागद सरकतो आणि कोपऱ्याच्या पुढे छेद जातो. चौकोनी खिडकी असेल, तर प्रत्येक कोपऱ्यात टोक रोवून बाजूच्या मध्याकडे यावे, म्हणजे चारही कोपरे स्वच्छ राहतात. वक्र रेषा कापताना मनगट वळवण्याऐवजी कागद फिरवावा आणि पाते जागच्या जागी वरखाली करावे.

तिसरे काम कागद ताठ करण्याचे, आणि ते सगळ्याच भागांना लागत नाही. दांडे, कड्या, पंख्यांची पाती यांना मागच्या बाजूने झटपट चिकटणाऱ्या सायनोअॅक्रिलेट गोंदाचा एक थेंब टेकवला, की तो कागदात शोषला जातो आणि कागद जवळजवळ प्लास्टिकसारखा होतो, त्यामुळे कड पॉलिश पेपरने घासता येते. मात्र या गोंदाने काही छपाया गडद होतात, म्हणून आधी त्याच तक्त्याच्या कडेच्या तुकड्यावर तपासावे. शिवाय गोंद मुरलेल्या कागदावर पाण्यातले रंग आणि पांढरा डिंक नीट धरत नाहीत, त्यामुळे रंगकाम आधीच आटोपलेले असावे. या गोंदाच्या वाफा डोळ्यांना झोंबतात आणि जवळच्या पृष्ठभागांवर पांढरट थर धरतात, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करावे. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कापडाने मुळीच पुसू नये. कापसाशी त्याची क्रिया वेगाने होऊन बरीच उष्णता निर्माण होते आणि बोट भाजू शकते.

बाहेरचा छेद सर्वांत शेवटी, आणि त्यातही भाग एका बारीक पुलाने कागदाला जोडलेला ठेवून. हा पूल चिमट्याने भाग धरल्यावरच तोडावा. टेबलावर उथळ ट्रे किंवा गडद रंगाचे कापड असले, तर उडालेला तुकडा सापडतो. आठ भाग हवे असतील तर अकरा-बारा करावेत आणि त्यांतले एकमेकांशी जुळणारे आठ निवडावेत. लहान भागांच्या रांगेत एक भाग वेगळ्या मापाचा असला की नजर नेमकी तेथेच थांबते.

सुरळ्या आणि नळ्या

धुराडी, तोफांच्या नळ्या, खांब, चाकांचे आस, पाइप, दोर बांधण्याचे खुंटे, या सगळ्यांचे मूळ एकच, कागदाची घट्ट सुरळी. ती चांगली जमली की निम्मे काम झाले, म्हणून येथे थोडे थांबतो.

पट्टीची लांबी अंदाजाने घेऊ नये. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करावा, उत्तराला ०.७८५ ने गुणावे आणि कागदाच्या जाडीने भागावे. समजा, ०.५ मिलिमीटरच्या तारेवर ३ मिलिमीटर व्यासाची सुरळी करायची आहे आणि कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा आहे. ९ वजा ०.२५ म्हणजे ८.७५. त्याला ०.७८५ ने गुणले की सुमारे ६.८७, आणि ०.१ ने भागले की सुमारे ६९ मिलिमीटर. डिंकाच्या थरामुळे प्रत्यक्षात थोडी कमीच पट्टी लागते, म्हणून गुंडाळताना शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत कॅलिपर लावून पाहावा आणि माप आले की उरलेली पट्टी कापून टाकावी.

पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरवर घासून तिरकी पातळ करावीत. सुरुवातीचे टोक पातळ असले की मध्ये पोकळ कोपरा राहत नाही, आणि शेवटचे टोक पातळ असले की बाहेर पायरी दिसत नाही. मग पट्टी अंगठा आणि कटरचा गोल दांडा यांच्यामधून दोन-तीनदा ओढावी, म्हणजे तिला वळण लागते. तार मेणबत्तीवर घासून घ्यावी. मेणामुळे डिंक तारेला धरत नाही. पहिली फेरी कोरडीच घ्यावी, कारण तिला डिंक लागला तर तार आत अडकते. दुसऱ्या फेरीपासून बोटाने पांढऱ्या डिंकाचा अगदी पातळ हात फिरवत जावे. गुंडाळून झाले की सुरळी रबरी चटईवर ठेवून वरून सपाट पट्टीने एकाच दिशेने लोळवावी, म्हणजे ती आवळली जाते. दिशा उलटली तर ती सैल होते. डिंक पूर्ण सुकण्याआधी तार फिरवत फिरवत काढून घ्यावी.

सुकलेल्या सुरळीचे तुकडे करताना तार पुन्हा आत घालावी, पाते एका जागी स्थिर धरावे आणि त्याच्याखाली सुरळी लोळवावी. दाब देऊन एका घावात कापली, तर तोंड चपटे होते.

टोकाकडे निमुळती होत जाणारी नळी हवी असेल, तर पट्टीचा शेवट सरळ न ठेवता तिरका कापावा: जाड टोकाच्या बाजूला पट्टी लांब, बारीक टोकाच्या बाजूला आखूड. तिरकी कड नळीभोवती मळसूत्रासारखी फिरत जाते आणि निमुळतेपणा आपोआप येतो. नळीवर कडे हवे असेल, तर अर्ध्या मिलिमीटरची अरुंद पट्टी कागदाला एका टोकाने जोडलेली ठेवून कापावी, तिचे मोकळे टोक नळीला चिकटवावे, ते सुकले की फेऱ्या घ्याव्यात आणि मगच पट्टी कागदापासून तोडावी.

चकत्या आणि नट

बारीक चकत्या कात्रीने गोल कापता येत नाहीत, त्या पाडाव्या लागतात. दोन मिलिमीटरच्या आणि त्याहून मोठ्या चकत्यांसाठी चामड्याला भोके पाडायचा पंच चालतो. दोन मिलिमीटरहून लहान चकत्यांसाठी इंजेक्शनची कोरी, न वापरलेली सुई घ्यावी, तिचे तिरके टोक घासून सपाट करावे आणि कड बाहेरच्या बाजूने कानशीने घासून धारदार करावी, म्हणजे चकती आतल्या व्यासाएवढी पडते. १८ गेजच्या सुईचा आतला व्यास सुमारे ०.८४ मिलिमीटर असतो आणि २१ गेजच्या सुईचा सुमारे ०.५१. आधी ताठ केलेल्या आणि रंगवलेल्या कागदावर सुई उभी धरून, दाबत आणि फिरवत चकती पाडावी. ती सुईतच अडकते, म्हणून मागून बारीक तार घालून ढकलावी आणि ट्रेमध्ये पाडून घ्यावी.

या चकत्या कुठे वापराव्यात, हेही प्रमाण पाहून ठरवावे. १:३३ प्रमाणाच्या विमानात ०.५ मिलिमीटरची चकती खऱ्या मापात साडेसोळा मिलिमीटरची होते, म्हणजे बोल्टाचे डोके म्हणून ती शोभते. तीच चकती १:२०० च्या जहाजावर रिव्हेट म्हणून लावली, तर ते रिव्हेट दहा सेंटिमीटरचे ठरेल. अशा ठिकाणी कागदाच्या मागून सुईच्या बोथट टोकाने हलका उठाव द्यावा किंवा रिव्हेट सरळ सोडून द्यावेत. माझा कल सोडून देण्याकडेच असतो.

षटकोनी नट मात्र पंचाने पडत नाहीत, आणि त्यासाठी भूमितीची एक सुरेख युक्ती आहे. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये जितके अंतर हवे, तितक्याच रुंदीची पट्टी कापावी. ती आधी दोन थरांची करून ताठ करावी, रंगवावी आणि मास्किंग टेपवर चिकटवावी. टेपचा चिकटपणा जास्त असतो, म्हणून ती आधी कापडावर दोनदा दाबून सोडवून घ्यावी. आता पट्टीवर ६० अंशांच्या तिरक्या कोनात एकमेकांना समांतर छेद द्यावेत. दोन छेदांमधले काटकोनात मोजलेले अंतरही पट्टीच्या रुंदीएवढेच असावे. २ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या कडेवर मोजले, तर हे अंतर सुमारे २.३ मिलिमीटर येते. अशी समभुज चौकोनांची एक रांग तयार होते. प्रत्येक चौकोनाचे दोन टोकदार कोपरे, लगतच्या बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या छेदाने उडवले, की मध्ये नियमित षटकोन उरतो. एक मिलिमीटरच्या नटावर मध्यबिंदू मोजता येत नाहीत, तेथे फक्त एवढेच पाहावे की नव्या छेदाची लांबी उरलेल्या बाजूंएवढी दिसते आहे. सगळे छेद टेपवरच होतात, त्यामुळे काहीच उडत नाही आणि नट एकेक करून सुईच्या टोकाने उचलता येतात.

दिव्यांच्या काचा किंवा टाक्यांची झाकणे यांसारख्या घुमटाकार भागांसाठी चकती किंचित ओलसर करून खोडरबरावर ठेवावी आणि टाचणीच्या गोल डोक्याने मधून कडेकडे फिरवत दाबावी. कडेला सुरकुती येऊ लागली की थांबावे, कागद त्याहून खोल जात नाही.

कठडे आणि शिड्या

छापील कठडे कापून काढण्यापेक्षा दोऱ्याचे कठडे सरस दिसतात. जाड पुठ्ठ्यात कठड्यापेक्षा मोठी खिडकी कापून चौकट करावी. चौकटीच्या डाव्या-उजव्या कडांवर गजांच्या उंचीनुसार बारीक खाचा पाडाव्यात. १:२०० प्रमाणात तीन गजांच्या कठड्यासाठी त्या साधारण १.७ मिलिमीटर अंतरावर येतात. वरच्या-खालच्या कडांवर खांबांच्या खाचा पाडाव्यात. दोरा सुती नको, त्याला लव असते. गुळगुळीत पॉलिस्टर दोरा घ्यावा आणि पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकातून ओढून बोटांनी निपटावा. आडवे दोरे समोरून आणि उभे खांब मागून ताणावेत. खांबांसाठी विजेच्या लवचीक वायरीतली तांब्याची बारीक तारही चालते. जेथे दोरे एकमेकांना छेदतात, तेथे सुईने डिंकाचा ठिपका द्यावा. पूर्ण सुकल्यावर रंगही चौकटीतच द्यावा, आणि कठडा जहाजावर बसवायच्या क्षणापर्यंत चौकटीतून कापू नये. चौकटीतून सुटलेला कठडा लगेच वाकतो.

डिंक, कडा आणि बसवणे

पांढऱ्या डिंकात पाणी असते आणि ते पाणी लहान भागाला फुगवते. म्हणून डिंकाचा थेंब बाटलीच्या झाकणावर काढून चार-पाच मिनिटे थोडा घट्ट होऊ द्यावा आणि सुईच्या टोकाने घ्यावा. ठिपका भागापेक्षा लहान असावा. बाहेर आलेला डिंक सुकू देऊ नये, ओलसर ब्रशने तेव्हाच टिपावा, कारण सुकलेल्या डिंकाची चकाकी कोणत्याही रंगाखाली पूर्ण लपत नाही.

कागदाच्या कापलेल्या पांढऱ्या कडा लहान भागांत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात, कारण तेथे कड हाच भागाचा मोठा हिस्सा असतो. भाग पुलाने जोडलेला असतानाच कडेवरून ब्रशची बाजू हलकेच फिरवावी, ब्रशचे टोक नाही. रंग छपाईपेक्षा जरा गडद मिसळावा. गडद कड सावलीसारखी दिसते, फिकट कड रेघेसारखी. तक्ता इंकजेटवर छापलेला असेल, तर ओला रंग लागताच छपाई पसरते, म्हणून आधी पंचवीस-तीस सेंटिमीटरवरून मॅट वार्निशचे दोन-तीन पातळ फवारे मारून ते पूर्ण सुकू द्यावेत.

बसवताना चिमटा शक्यतो टाळावा. दाब थोडा जास्त झाला की टोके एकमेकांवरून सरकतात आणि भाग उडतो. काडीच्या टोकाला मऊ मेणाचा मोहरीएवढा गोळा लावून त्याने भाग उचलावा, किंवा किंचित ओल्या ब्रशने. आधी कोरडाच ठेवून जागा तपासावी, मग जागेवर डिंकाचा ठिपका द्यावा आणि त्यावर भाग टेकवून, दुसऱ्या हातातल्या सुईने तो दाबून धरत मेणाची काडी बाजूला तिरकी वळवून सोडवावी. सरळ वर उचलली, तर भाग मेणाबरोबर परत येतो. ठिपका सुकेपर्यंतच्या मिनिटभरात सुईने भाग सरळ करता येतो, म्हणून या वेळी समोरून आणि बाजूने, डोळे प्रतिकृतीच्या पातळीवर आणून, दोन्हीकडून पाहून घ्यावे.